रुपयावरची तीन पुस्तके

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण रुपयाला हळदकुंकू वाहतो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो, आणि पाडव्याला तोच रुपया घेऊन बाजारात गेलो की गतवर्षीपेक्षा तो हलका झाला म्हणून त्याला दूषणे देतो. इतक्या रोजच्या वस्तूविषयी जे वाङ्मय लिहिले गेले, ते मात्र आपण तज्ज्ञांच्या स्वाधीन करून मोकळे झालो आहोत. आमची टीका कथा, कादंबरी, नाटक, कविता यांच्या कुंपणाबाहेर सहसा पडत नाही. एखादे चरित्र किंवा प्रवासवर्णन फाटकातून आत येते. पण चलनाचा, हुंडणावळीचा, किंमतींचा ग्रंथ आला, तर त्याला अर्थशास्त्राच्या दाराकडे बोट दाखवून आम्ही वाटेला लावतो.

हा रिवाज मोडावा असे मला वाटते. मी अर्थशास्त्री नाही. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही आणि शाळेत मी मराठी व गणित शिकवतो. कादंबऱ्या लिहिल्यामुळे एक खोड मात्र अंगी जडली आहे. कोणतेही पुस्तक उघडले की, आत माणूस कोठे बसला आहे ते मी आधी शोधतो. ‘धग’मधल्या कौतिकने चार पैसे कसे जोडले हे आपण श्वास रोखून वाचतो. मग त्या पैशांची किंमत कोण ठरवतो, कशी मोजतो आणि ते मोजमाप विश्वासाचे आहे काय, हे सांगणारे पुस्तक आपल्याला परके का वाटावे?

अशी तीन पुस्तके मी येथे घेतो. दादाभाई नौरोजींचे ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ (१९०१), जॉन मेनार्ड केन्स यांचे ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ (१९१३) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३). तिन्ही इंग्रजीत लिहिलेली, तिन्ही लंडनला छापलेली. रुपया आमचा, पण त्याची कैफियत विलायतेच्या कचेरीत द्यावी लागे, म्हणून भाषाही त्या कचेरीचीच. लोकहितवादींनी १८४९ सालीच ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून हे शास्त्र मराठीत आणले होते. पुढे ती वाट फारशी रुळली नाही याची खंत वाटते.

दादाभाईंचा ग्रंथ वाचायला कठीण आहे हे प्रथमच सांगून टाकतो. निबंध, पत्रे, साक्षी आणि भाषणे यांचे ते एक गाठोडे आहे. एकच मुद्दा दहा ठिकाणी येतो आणि दहाही ठिकाणी तितक्याच तळमळीने येतो. संपादकाची कात्री त्यावर चालली असती, तर पुस्तक निम्मे झाले असते. पण त्या गाठोड्यात १८७६ साली मुंबईत वाचलेला दारिद्र्यावरचा एक निबंध आहे, आणि तो मी गणिताचा शिक्षक या नात्याने वाचला तेव्हा दादाभाईंविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. हा गृहस्थ आधी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. सरकारी अहवाल त्याने राजकारण्यासारखे वाचलेच नाहीत. मुलांच्या पाट्या तपासाव्यात तसे तपासले, आणि पहिल्याच पाटीवर त्याला चूक सापडली.

चूक सरासरीची होती. प्रांताचे उत्पन्न काढताना सरकारी कारकून प्रत्येक जिल्ह्याचा एकरी उतारा घेत, सगळ्यांची बेरीज करीत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागून मोकळे होत. यात काय बिघडले ते समजुतीच्या आकड्यांनी सांगतो. एका जिल्ह्यात एक लाख एकर गहू आहे आणि एकरी दहा मण पिकतो. दुसऱ्यात एकच हजार एकर आहे, पण पाण्याखालचा, म्हणून एकरी वीस मण पिकतो. कारकून दहा आणि वीस मिळवून दोनाने भागतो आणि एकरी पंधरा मण असे लिहून अहवाल वर पाठवतो. खरा उतारा दहा मणांच्या किंचित वर आहे. हजार एकरांच्या बागायतदाराने लाख एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कागदावर श्रीमंत करून टाकले! सातवीतल्या मुलाने असे गणित सोडवले, तर आपण त्याला पुन्हा करायला लावतो. येथे तेच गणित साम्राज्याच्या मोहोरेनिशी पार्लमेंटापुढे जात होते.

दादाभाईंनी मग हिशेब स्वतः केला. ब्रिटिश हिंदुस्थानचे १८६७ ते १८७० या काळातले वार्षिक उत्पन्न ३४ कोटी पौंड धरले, लोकसंख्या १७ कोटी धरली. डोई ४० शिलिंग पडले, म्हणजे त्या वेळचे २० रुपये. येथवर तो नुसता आकडा आहे. निबंधाचा जीव पुढच्या पावलात आहे. वीस रुपयांत माणूस जगतो की नाही हे कसे ठरवावे? दादाभाईंनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याला खाऊपिऊ घालायला आणि अंगावर कपडा द्यायला सरकारला किती खर्च येतो, परदेशी जाणाऱ्या मजुराला जहाजावर किती शिधा देतात, हे सगळे सरकारच्याच कागदांतून मांडले. नुसत्या गरजा भागवायला ३४ रुपयांच्या आसपास लागतात, असा हिशेब त्यांनी केला. म्हणजे तुरुंगातल्या चोराच्या ताटात जे पडते तेवढेही तुरुंगाबाहेरच्या इमानदार माणसाच्या वाट्याला सरासरीने येत नाही. आम्ही कादंबरीकार अशा एका प्रसंगासाठी महिनोन् महिने झुरतो. दादाभाईंना तो तुरुंगाच्या जमाखर्चात सापडला.

पुढची कथा मोठी उद्बोधक आहे. १८८२ साली अर्थखात्याचे एव्हलिन बेअरिंग यांनी डोई २७ रुपये उत्पन्न सांगितले. दादाभाईंनी त्या हिशेबाचा तपशील मागितला. तो त्यांना मिळाला नाही. १९०१ साली लॉर्ड कर्झननी ३० रुपये सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आपल्या ग्रंथात १८ रुपयांच्या घरातला आकडा मांडला. ‘प्रॉस्परस ब्रिटिश इंडिया’ या त्यांच्या शीर्षकातला पहिला शब्द अवतरणचिन्हांत आहे. दोन चिमुकल्या खुणांत इतका उपरोध मावतो हे पाहून मला त्या माणसाचा हेवा वाटला. वीस, सत्तावीस, तीस, अठरा. यांपैकी नेमका कोणता बरोबर, हा वाद विद्वानांचा आहे. वाचक म्हणून मला फरक दिसतो तो असा की, दादाभाईंनी आपले गणित पायरी-पायरीने छापले आणि चूक असेल तर दाखवा असे आव्हान दिले. पलीकडून नुसते उत्तर आले. मी वर्गात नुसत्या उत्तराला गुण देत नाही.

आता केन्स. दादाभाईंच्या गाठोड्यानंतर त्यांचे पुस्तक हाती घ्यावे म्हणजे अडगळीच्या खोलीतून निघून इस्त्रीच्या कपड्यांच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते. केन्स यांचे हे पहिले पुस्तक. लंडनच्या इंडिया ऑफिसात दोनएक वर्षे त्यांनी नोकरी केली होती. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही, पण रुपयाची यंत्रणा त्यांच्या इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी सांगितली नसेल.

ती यंत्रणा थोडक्यात अशी. १८३५ पासून आमचा रुपया चांदीचा आणि विलायतेचा पौंड सोन्याचा. जर्मनीने १८७०च्या दशकाच्या आरंभी चांदी टाकून सोने धरले, इतर देशही त्या मागे गेले, आणि चांदी कोसळू लागली. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया घसरत घसरत एक शिलिंग दोन पेन्सांवर आला. आमच्या सरकारला दर वर्षी विलायतेत पौंडांत रक्कम भरावी लागे. रुपया दोन शिलिंगांचा असता शंभर पौंडांना हजार रुपये पुरत. एक शिलिंग दोन पेन्सांना तेच सुमारे १७१४ होत. तेव्हा २६ जून १८९३ या दिवशी सरकारने चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी टांकसाळी बंद केल्या, आणि पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांना बांधला. पौंडाला पंधरा रुपये. रुपया आता चांदीवर छापलेली नोटच झाला. भारतमंत्री लंडनमध्ये हिंदुस्थानावरच्या हुंड्या विकीत आणि त्या कमी-जास्त विकून ही गाठ सांभाळीत. देशात स्वस्त नाणे, परदेशाच्या देण्यापुरते सोने. केन्सना ही रचना फार पसंत पडली. उद्याचे आदर्श चलन याच वाटेने येणार, असे त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने प्रतिपादले.

वाचताना सगळे पटत जाते. मन भरून येत नाही, आणि ते का येत नाही हे शोधायला पुस्तक मला दोनदा वाचावे लागले. त्यात बँका आहेत, राखीव निधी आहे, हंगामी तेजीमंदी आहे, लंडनचा बाजार आहे. पण रुपया हातात घेऊन किराण्याच्या दुकानाशी उभा राहिलेला माणूस कोठेच नाही. घड्याळ उघडून त्याची चाके दाखवावीत तसे ते पुस्तक आहे. वेळ काय झाली हे विचारणारा त्यात कोणी नाही.

तो प्रश्न विचारायला दहा वर्षांनी आंबेडकर आले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले होते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा तेथल्या डी. एस्‌सी.साठी लिहिलेला प्रबंध. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे, आणि मी तेथेच वाचला.

आरंभीच एक मौज आहे. पुस्तकाला प्रस्तावना आहे ती त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि तीत गुरुजी स्पष्ट सांगतात की शिष्याची बरीचशी टीका मला मान्य नाही. मते पटत नाहीत, पण विचार ताजे आणि खडबडून जागे करणारे आहेत, असा त्यांचा अभिप्राय. आमच्याकडील प्रस्तावनांची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे दोन पानांचे प्रकरण मुद्दाम वाचावे. आमचा प्रस्तावनाकार लेखकाला आधी ज्ञानेश्वरांच्या शेजारी बसवतो आणि मग पुस्तक चाळतो.

ग्रंथाची सात प्रकरणे आहेत. पहिली दोन अभ्यासकांसाठी. सामान्य वाचकाने तिसऱ्यापासून आरंभ करावा असे मी सुचवीन, कारण तेथे चांदी घसरली तेव्हा कोणाचे काय झाले याची झडती आहे. सरकारचे हाल झाले. त्यांचे रडगाणे सगळ्यांनी ऐकले होते. गोरे अधिकारी रुपयांत पगार घेत आणि घरी पौंड पाठवीत. त्यांचे नुकसान झाले, तर १८९३ साली त्यांना हुंडणावळीच्या भरपाईचा भत्ता मिळाला. निर्यातदार खूश होता, कारण माल तोच आणि रुपये जास्त. तेव्हा कित्येक शहाणे म्हणत की रुपया उतरणे हे देशाच्या हिताचे आहे, निर्यात वाढते, बाहेरून धन येते. आंबेडकर येथे थांबतात आणि विचारतात, हे जास्तीचे धन आले कोठून? त्यांचे उत्तर असे की ते बाहेरून आलेच नाही. किंमती वाढल्या तशी मजुरी वाढली नाही. मधली फट निर्यातदाराच्या खिशात गेली. देशाचा म्हणून जो फायदा सांगितला जातो, तो देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला आहे.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ‘देशाचा फायदा’ या शब्दजोडीकडे इतक्या शांतपणे कोणी पाहिलेले मी तरी वाचले नव्हते. भत्ता कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, एवढेच ते दाखवतात. आवाज चढवीत नाहीत.

पुढे केन्सशी सामना आहे, आणि तो खरा वाचनीय आहे. केन्स यांचा दावा असा की रुपया वर्षानुवर्षे सोळा पेन्सांना टिकला, म्हणून व्यवस्था उत्तम. आंबेडकरांचे म्हणणे असे की पेन्स खाऊन कोणी जगत नाही. रुपयाची सोन्याशी गाठ घट्ट आहे आणि धान्याशी सैल होत चालली आहे, तर ती गाठ घेऊन काय करायचे? या व्यवस्थेत रुपये पाडण्यावर बंधन नाही. पाडणाऱ्या सरकारला नफा होतो, आणि एकदा बाजारात आलेला रुपया सोन्यात बदलून परत करण्याचा हक्क धारकाला नाही. मग रुपये वाढत जातात आणि त्यांची खरेदीची ताकद खचते. रुपया स्थिर करायचा, तर बाजारात त्याने काय काय मिळते ते स्थिर केले पाहिजे, हुंडणावळ मग आपोआप सावरेल, हा त्यांच्या विवेचनाचा कणा आहे.

योगायोग पाहा. त्याच १९२३ साली केन्स यांचे ‘अ ट्रॅक्ट ऑन मॉनिटरी रिफॉर्म’ निघाले आणि तेही आता म्हणू लागले की हुंडणावळीपेक्षा देशातल्या किंमतींचे स्थैर्य महत्त्वाचे. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोघे एकाच निदानाला पोहोचले; औषधे मात्र उलटी. केन्स म्हणतात, शहाण्या माणसांच्या हाती चलनाची सूत्रे द्या. आंबेडकर म्हणतात, सरकारच्या हातून ती सूत्रे काढून घ्या; रुपये पाडणे कायमचे बंद करा आणि सोन्याचे नाणे चालू द्या. या फरकाचे मूळ मला बुद्धीत दिसत नाही, बसण्याच्या जागेत दिसते. केन्स ज्या सरकारवर विश्वास टाकीत होते, ते त्यांच्या ओळखीच्या, त्यांच्याच कॉलेजात शिकलेल्या माणसांचे होते. आंबेडकरांना तशा विश्वासाचे कारण नव्हते.

पण टीकाकाराने भक्त होऊ नये. ग्रंथाचे औषध काळाच्या कसोटीला उतरले नाही, हे म्हटलेच पाहिजे. इंग्लंड १९२५ साली सोन्यावर परतले आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ते सोडून मोकळे झाले. मधल्या मंदीत आमच्याकडे शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास घसरले, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच राहिले, आणि घरोघरचे दागिने मोडून सोन्याचा ओघ विलायतेकडे वाहू लागला. सोने स्थिर असते हा आंबेडकरांचा भरवसा खोटा ठरला. त्यांची सगळी नजर किंमती चढण्याकडे होती. किंमती पडल्या म्हणजे कर्जदार कसा भरडतो, याचे चित्र ग्रंथात फिके आहे.

वाङ्मयीन दोषही आहे. मजूर या ग्रंथात वर्ग म्हणून येतो, माणूस म्हणून एकदाही येत नाही. ज्या घरातून लेखक आला त्या घरात रुपयाची खरी किंमत नक्कीच कळत असणार. एखादे पान त्याविषयी आले असते तर? पण लेखकाने आपले आयुष्य अर्पणपत्रिकेत आईवडिलांपाशी ठेवले आणि पुढे फक्त पुरावे मांडले. वकिली पेशाची शिस्त म्हणा, किंवा आपल्या बाजूने आपलेच दुःख साक्षीला उभे करायचे नाही असा करारीपणा म्हणा. मला कादंबरीकार म्हणून ही उणीव वाटते आणि वाचक म्हणून तिचा दरारा वाटतो.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. तेथे वाद पेटला होता तो एक शिलिंग चार पेन्स की एक शिलिंग सहा पेन्स, याचा. दोन पेन्सांसाठी एवढा कोलाहल कशाला, असे आज वाटेल. शंभर पौंडांचा कापूस विकणाऱ्याला पहिल्या दराने १५०० रुपये मिळत, दुसऱ्याने १३३३. म्हणून मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी सोळा पेन्सांसाठी हटून बसले. कमिशनच्या बहुमताचे म्हणणे पडले की किंमती आणि मजुरी अठरा पेन्सांशी जुळून गेल्या आहेत. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी एकट्याने भिन्नमत लिहिले की मुळीच जुळलेल्या नाहीत. सगळा प्रश्न मोजमापावर येऊन ठेपला, आणि मोजमापाचेच साहित्य लंगडे होते. १९२७ साली विधिमंडळात थोडक्या मतांच्या फरकाने अठरा पेन्स मंजूर झाले. पौंडाशी मारलेली ती गाठ १९६६च्या अवमूल्यनापर्यंत सुटली नाही.

हे सगळे जुने झाले असते, तर मी दिवाळीत वाचकांना त्रास दिला नसता. आता टांकसाळीचे वाद नाहीत. १९३५ पासून रिझर्व्ह बँक आहे, तिची सहा जणांची पतधोरण समिती व्याजाचा दर ठरवते, आणि किंमतवाढ वर्षाला चार टक्क्यांच्या जवळ, फार तर दोन टक्के वर किंवा खाली ठेवायची, असे २०१६ साली ठरून गेले. रुपया कशात मोजावा या प्रश्नाला सोन्याऐवजी ग्राहकाच्या टोपलीने उत्तर मिळाले. तिसऱ्या पुस्तकाची ही एका अर्थी जीतच म्हणायची.

पण मग टोपलीत काय आहे? दोन दिवाळ्यांचे आकडे पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ किंमतवाढ ६.२१ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ०.२५ टक्के, म्हणजे पाव टक्का झाली. ज्या गृहिणीने त्या दिवाळीत चकल्या तळल्या तिला हा पाव टक्का कोणी सांगितला असता, तर तिने झारा उगारला असता. तरी आकडा खोटा नव्हता. भाज्या आणि डाळी वर्षापूर्वीच्या मानाने खूप उतरल्या होत्या, सप्टेंबरात काही कर कमी झाले होते. तेल मात्र चढलेलेच होते, आणि फराळ पालकाचा होत नाही. दादाभाईंचे ते दोन जिल्हे येथे पुन्हा भेटतात. सरासरी बरोबर काढली तरी ती कोणाची, हे विचारावेच लागते.

त्या निर्देशांकाचा पाया २०१२चा होता आणि त्यात खाद्यपेयांचा वाटा शेकडा ४५.८६ धरला होता, २०११-१२च्या घरखर्चाच्या पाहणीवरून. माणसे दहा वर्षांत वेगळे खातात, वेगळे खर्चतात. म्हणून पाहणी पुन्हा पुन्हा करावी लागते. २०१७-१८ साली ती झालीही, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने माहितीचा दर्जा बरा नाही असे सांगून निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. पुढची पाहणी २०२२-२३ची. तीत अन्नाचा वाटा खेड्यांत शेकडा ४६ आणि शहरांत ३९ निघाला. २०१९ सालीच माजी आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी लिहिले की २०११-१२ ते २०१६-१७ या काळातला देशाच्या वाढीचा दर वर्षाला सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त मोजला गेला आहे. सरकारने ते नाकारले. २०२२ साली सलग तीन तिमाह्या किंमतवाढ सहाच्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणे कळवणारे पत्र लिहिले. ते पत्र त्या वेळी जनतेसमोर आले नाही. पाहणीचा दर्जा खरोखरच खराब असू शकतो, पत्र गुप्त ठेवण्यालाही कारणे असू शकतात, आणि सुब्रमणियन यांच्या पद्धतीवर इतर विद्वानांनी घेतलेले आक्षेपही पोकळ नाहीत. परंतु बेअरिंगसाहेबांच्या २७ रुपयांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उत्तर आले आहे, पाटी दाखवलेली नाही.

२०२४च्या आर्थिक पाहणीत तर आणखी एक सूचना होती. पतधोरणाचे लक्ष्य अन्न वगळून ठरवावे काय, याचा विचार व्हावा, अशी. तिच्यामागचा युक्तिवाद मूर्खपणाचा मुळीच नाही. व्याजाचा दर वाढवल्याने टोमॅटो पिकत नाहीत. पाऊस लांबला तर बँकेने काय करावे? बँकेच्या हाती जे नाही त्याचा जाब तिला विचारू नये, हे मला पटते. अडचण पुढे आहे. बँकेसाठी म्हणून काढलेला अन्नावाचूनचा आकडा उद्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘महागाई’ या नावाने बसला, की मजुरी, भत्ता, पेन्शन यांची बोलणी त्याच आकड्यावरून होणार. बँकेला तिची फूटपट्टी वेगळी द्यावी आणि तिचे नावही वेगळे ठेवावे. ‘महागाई’ हा शब्द दुकानाशी उभ्या असलेल्या माणसाकडे राहू द्यावा. ज्याच्या पगारातला निम्मा भाग अन्नावर जातो, त्याला अन्न सोडून भाव स्थिर आहेत असे सांगणे म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला भत्ता आणि मजुराला धीर देण्याचाच प्रकार. तिसरे प्रकरण वाचलेल्याला तो ओळखू येईल.

आंबेडकरांच्या ग्रंथाविषयी शेवटची एक माहिती देऊन थांबतो. १९४७ साली मुंबईच्या थॅकर कंपनीने तो ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या नव्या नावाने पुन्हा काढला आणि त्यावर ‘खंड पहिला’ असे छापले. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात यायचा होता. त्यात सोन्याची पडझड, मंदी, रिझर्व्ह बँकेची स्थापना आणि युद्धकाळची महागाई हे सगळे आले असते, आणि सोन्यावरचा आपला भरवसा लेखकाने स्वतःच कसा तपासला असता हेही कळले असते. त्याच वर्षी ते कायदेमंत्री झाले आणि घटनेच्या मसुद्याचे काम त्यांच्याकडे आले. दुसरा खंड लिहून झाला नाही.